बीसीएए घ्यावं का? भरतीची तयारी करणारा भाऊ, माळकरी घर आणि १,८०० रुपयांचा डबा

रानजाई
नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २१, वजन ६२ किलो. साताऱ्यात खोली घेऊन राहतो आणि पोलीस भरतीच्या अकॅडमीत जातो. पहाटे साडेचारला उठून धावणं, संध्याकाळी गोळाफेक आणि जोर-बैठका, मधल्या वेळेत लेखीचा अभ्यास. गेला महिनाभर पाय दुखतात म्हणून फोनवर रडकुंडीला येतो. १६०० मीटरची वेळ कमी व्हायची ती उलट वाढत चाललीय.

अकॅडमीतल्या एका सरांनी सांगितलं की मसल रिकव्हर होत नाहीत, अमिनो (म्हणजे अमिनो आम्लांची पावडर) चालू कर. डब्यावर बीसीएए २:१:१ असं लिहिलंय. किंमत १,८०० रुपये, तीस स्कूप. सर म्हणतात रोज दोन घे, म्हणजे महिन्याला ३,६००. एक डबा त्यानं मित्राकडून उसने पैसे घेऊन आणलासुद्धा.

आमची तीन एकर शेती, यंदा सोयाबीनला भाव मिळाला नाही. फी, भाडं आणि मेस मी माझ्या पगारातून भागवते. उपयोग होणार असेल तर हेही देईन, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पण खरंच उपयोग होतो का? घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

लाल_माती
ताई, मी कोल्हापूरचा. बारा वर्षं तालमीत काढली. आमच्या वेळी अमिनो हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, खुराक हा शब्द मात्र झोपेतही तोंडात असायचा. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी साली काढून कुंडीत रगडायचे. वस्ताद थेंबभर थंडाई बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून बघायचे. कण हाताला लागला की भांडं परत आमच्याकडे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर ग्लासात पडायची, फेसासकट प्यायची.

पण एक खरं सांगतो, तो खुराकही स्वस्त नव्हता. पोराच्या खुराकापायी कर्जात गेलेली घरं मी बघितलीत. म्हणून तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला. पैसा मोजका असेल तर तो कशावर लावायचा, हे आधी ठरवा.

पुल_अप
मी ठाण्यात सहा वर्षं जिम करतोय आणि बीसीएए घेतो. मला फरक जाणवतो. पायांच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे व्हायचं ते निम्म्यावर आलं. शिवाय हे नुसतं मनाचं नाही. २०१७ सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर स्नायूंची बांधणी, नुसतं चवीचं पाणी दिलं त्यापेक्षा २२ टक्क्यांनी जास्त दिसली. सगळेच सप्लिमेंट म्हटलं की नाकं मुरडतात, ते बरोबर नाही.

आहारवेडी
@रानजाई, मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. उत्तर देण्याआधी एक काम करा. भाऊ सकाळपासून रात्रीपर्यंत काय खातो ते वाटी-चमच्यासकट लिहा. "घरचं पौष्टिक" असं लिहू नका.

@पुल_अप, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात. त्याच संशोधकांनी पुढे लिहिलेलं मात्र राहिलं. तेवढंच बीसीएए ज्यात आहे असं व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) दिल्यावर आधीच्या प्रयोगांत जी वाढ दिसली होती, तिच्या साधारण निम्मीच ही वाढ होती.

कारण समजायला सोपं आहे. शरीराची प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. बीसीएए म्हणजे त्या नवांपैकी तीन: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. डब्यावरचं २:१:१ हे त्यांचंच प्रमाण. यांतलं ल्युसिन हे स्नायूंच्या बांधणीला सुरुवात करून देतं, हे खरंच आहे. ते म्हणजे पंगतीला दिलेली हाक. पण हाक दिली, पानं मांडली आणि भाताचं पातेलं रिकामं असेल तर? उरलेली सहा आम्लं कुठून येणार? पोटात अन्न नसेल तर शरीर ती स्वतःच्याच स्नायूंमधून काढतं. रॉबर्ट वुल्फ या अमेरिकन संशोधकाने २०१७ सालीच सगळा पुरावा तपासून लिहिलं की नुसत्या बीसीएएने माणसाचे स्नायू वाढतात या दाव्याला आधार नाही.

दुखणं थोडं कमी होतं असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण ज्याचं रोजचं प्रथिन पुरेसं आहे त्याला वरून बीसीएए घेऊन फारसं काही मिळत नाही. आणि ज्याचं पुरेसं नाही, त्याची गरज त्यानं भागत नाही.

बोरीबंदर
पंगतीची उपमा डोक्यात पक्की बसली. आता जिममध्ये डबा दिसला की आधी "भात कुठाय?" असं विचारावंसं वाटेल :)

मालदांडी
थोडं अवांतर, पण आमच्या सोलापूरच्या भाकरीशी संबंधित. ल्युसिन डब्यात भरून विकतात हे वाचून मला गंमत वाटली, कारण ज्वारीच्या प्रथिनात ते मुळातच भरपूर असतं. इतकं, की १९६० साली हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं की दख्खनमधल्या नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) दिसतो, त्याचं कारण हे जादा ल्युसिन असावं. ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीरात नायसिन तयार होण्यात ते आड येतं, असा त्यांचा विचार. पुढे त्यावर वाद झाले आणि सगळ्यांनी तो मान्य केला नाही. पण माझ्या मनात तो मुद्दा राहिला: एकच अमिनो आम्ल जास्त झालं म्हणजे भलं होतंच असं नाही, समतोल लागतो.

ज्वारीत कमी असतं ते लायसिन हे अमिनो आम्ल. डाळीत लायसिन भरपूर, मिथिओनिन हे दुसरं आम्ल कमी. म्हणून पिठलं-भाकरी आणि मटकीची उसळ-भाकरी. ज्या बाईनं हे पहिल्यांदा ताटात एकत्र वाढलं तिला मी मनापासून नमस्कार करतो.

रानजाई
@आहारवेडी ताई, काल रात्री त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं. उठल्यावर कोरा चहा आणि दोन बिस्किटं, मग मैदान. आठ वाजता पोहे. दुपारी मेसच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, बटाटा किंवा वांग्याचा रस्सा, वाटीभर आमटी, भात. संध्याकाळी केळं. रात्री तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात. झोपताना कपभर दूध. आमटीचं विचारलं तर म्हणाला, "ताई, वाटीचा तळ दिसतो."

आहारवेडी
धन्यवाद, आता बोलता येईल. ढोबळ हिशोब करते. पोहे त्यातल्या शेंगदाण्यांसकट ६ ग्रॅम, भाकऱ्या १२, दुपारची आमटी ५ धरू (तळ दिसतो म्हणजे उदारपणेच धरतेय), भात ३, केळं १, पोळ्या १०, भाज्या ३, रात्रीची आमटी-भात ७, दूध ७. बेरीज ५४ ग्रॅम.

सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे ६२ किलोला ५१. त्या मापाने तो पास आहे. पण त्याची मेहनत सर्वसाधारण नाही. रोज दोन वेळा घाम गाळणाऱ्यासाठी किलोमागे १.४ ते २ ग्रॅम धरतात. २०१८ मध्ये ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंत आणखी भर पडताना दिसली नाही. त्याला १.६ म्हणजे ९९ ग्रॅम. रोज ४५ ग्रॅम कमी पडतंय! बीसीएएच्या एका स्कूपमध्ये ५ ते ७ ग्रॅम मिळेल, तेही नवांपैकी तिघांचंच.

आता हे बघा. सुक्या ५० ग्रॅम सोया वड्यांत २६ ग्रॅम प्रथिन. ५० ग्रॅम फुटाण्यांत १०. दूध कपभराऐवजी अर्धा लिटर केलं, म्हशीचं, तर आणखी ११. झाले ४७. आमच्याकडच्या भावाने हे सगळं दिवसाला ४० रुपयांच्या आत बसतं. तुमचे दोन स्कूप १२० रुपयांचे. आणि त्या नुसत्या वड्यांमधून साडेचार ग्रॅमच्या आसपास बीसीएए येतंच, बाकीच्या सहा आम्लांना बरोबर घेऊन.

सोयाबीनला भाव नाही म्हणालात. घरचं असेल तर ते भिजवून, कुकरला नीट शिजवून उसळ करता येते. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं नको, त्यात पचनाला अडवणारे घटक असतात.

केमिस्ट_काका
तारापूरला औषध कंपनीत तपासणी विभागात आहे. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली. ताईंचं घर माळकरी आहे म्हणून मुद्दाम. बाजारातलं बरंचसं ल्युसिन पूर्वीपासून पक्ष्यांच्या पिसांतलं आणि केसांतलं केराटिन हे प्रथिन आम्लात शिजवून काढलं जात आलंय. हल्ली मक्याच्या साखरेवर जिवाणू वाढवून, आंबवूनही ते करतात. डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते बघा. काही नसेल तर आणूच नका.

दुसरी, प्रोटीन पावडर घेणाऱ्यांसाठी. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीत थेट प्रोटीन मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. ग्लायसिन, टॉरिन ही अमिनो आम्लं स्वस्त असतात आणि त्यांत नायट्रोजन असतो. ती मिसळली की कागदावर प्रोटीन वाढतं, पोटात नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन घातलं ते याच हिशोबाने, आणि तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडात खडे झाले. तेव्हापासून असलं काही ऐकलं की माझं रक्त खवळतं.

२०२४ मध्ये भारतातल्या ३६ पावडरी तपासून केरळच्या डॉक्टरांनी अहवाल छापला. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिनही सापडलं. घेणारच असाल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा, बॅच नंबर बघा, बिल मागा.

पुल_अप
काका, हे माझ्या बाबतीत घडलंय. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या दुकानातून नेहमीचा व्हे घेतला, सातशे रुपये स्वस्त. झाकणाखालचं सील एका बाजूला सुरकुतलेलं होतं. शेकरमध्ये घातलं तर पिठासारखं खाली बसलं आणि तासाभरात पोट बिघडलं. कंपनीला फोटो पाठवला, उत्तर आलं की हा बॅच नंबर आमचा नाही. दुकानदाराने हात वर केले.

आणि आहारवेडी ताई, तुमचा हिशोब माझ्यावरही लावून बघितला. मी रोज १२० ग्रॅम प्रथिन घेतो, त्यातलं ४८ व्हेमधून. म्हणजे माझं बीसीएए तिथूनच पूर्ण होतंय. दुखणं कमी होतं हे मी अजूनही म्हणेन. पण एक अपवाद सांगा. मी निर्जळी एकादशी सोडून बाकीच्या सगळ्या एकादशा धरतो आणि त्या दिवशीही सकाळी व्यायाम चुकवत नाही. तेव्हा घ्यायला काय हरकत आहे?

आहारवेडी
हरकत काहीच नाही. पण उपासाला दूध, ताक, शेंगदाणे चालतातच ना? व्यायामानंतर तीनशे मिली दूध आणि मूठभर दाणे घ्या. साबुदाण्यात प्रथिन नसल्यात जमा आहे, खिचडीतलं जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. त्यामुळे कूट सढळ हाताने घाला, आई रागावणार नाही.

खाकी
मी भरती होऊन चार वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही. रानजाई ताई, भावाला एक गोष्ट स्पष्ट विचारा: कुणी इंजेक्शन सुचवलंय का? मेफेन्टरमाइन. भूल देताना रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात ते औषध. धावताना दम लागत नाही म्हणून मैदानांवर आणि जिममध्ये पोरं ते टोचून घेतात. माझ्या खोलीतला मुलगा घ्यायचा. रात्र रात्र जागा, छाती धडधडते म्हणायचा, हात थरथरायचे, आणि पुढे ते घेतल्याशिवाय मैदानात उतरायची हिंमतच होईना. आधी डबा, मग "याहून भारी" गोळी, मग सुई, असा रस्ता मी डोळ्यांनी बघितलाय. तुमचे सर तसे असतील असं म्हणत नाही. पण विचारा. रागावून नको, जवळ बसवून विचारा.

लाल_माती
खाकी भाऊंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. कुस्तीतल्या पोरांनी आणखी लक्षात ठेवा: अमिनो आम्लं बंदी घातलेल्या यादीत नाहीत, मेफेन्टरमाइन आहे. डब्यात चोरून काही मिसळलेलं निघालं तरी नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत जबाबदारी पैलवानाचीच धरतात. "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

रानजाई
काल रविवारी साताऱ्याला जाऊन आले. जवळ बसवून विचारलं. इंजेक्शन घेतलेलं नाही, पण दोन मुलं घेतात आणि त्यालाही विचारलं होतं, हे सांगताना त्याचे डोळे भरले. खाकी दादा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

नडगी_सखी
उशिरा आले, सगळं वाचलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, प्रथिनांचं उत्तर मिळालंय, पण तुमचा मूळ प्रश्न पाय दुखण्याचा होता आणि पाय नेमका कुठे दुखतो हे कुणी विचारलंच नाही. मांडी आणि पोटरी दुखते, की गुडघ्याखाली पुढे, नडगीपाशी? बोटाने दाबल्यावर हाडाच्या आतल्या कडेला दुखतं का? धावतो कशावर? बूट कोणते?

व्यायामाने अंग दुखणं एक-दोन दिवसांत वाढतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. महिनाभर राहणारं दुखणं तसलं नसतं.

रानजाई
त्याला फोन करून विचारलं. नडगीच. आतल्या कडेला, वीतभर पट्ट्यात, दोन्ही पायांना. धावायला सुरुवात केल्यावर जास्त, मग थोडं कमी, थांबल्यावर पुन्हा. मैदानावर चिखल झाला म्हणून दीड महिना डांबरी रस्त्यावर धावतात. बूट दोन वर्षांपूर्वीचे, टाचेकडून एका बाजूला झिजलेले.

नडगी_सखी
मग हे स्नायूंच्या भुकेचं दुखणं नाही. नडगीच्या हाडावर आणि त्याला चिकटलेल्या आवरणावर सोसण्यापेक्षा जास्त ताण येतोय. धावणाऱ्यांत आणि जवानांत हे नेहमी दिसतं. याला कुठलंही अमिनो पुरणार नाही.

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. दुखणं एकाच बोटाएवढ्या जागी असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि तो सुरुवातीला एक्स-रेत दिसतोच असं नाही. तसं नसेल तर दोन-तीन आठवडे धावणं बंद, सायकल चालू. दम कमी होणार नाही. मग मातीवर थोडं थोडं सुरू. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश. आणि १,८०० रुपये खर्चायचेच असतील तर बुटांवर खर्चा.

झोप किती तास मिळते?

रानजाई
साडेचारला उठतो आणि बाराला झोपतो. दुपारीही झोप नाही.

नडगी_सखी
साडेचार तास! मग सगळ्यात मोठं औषध तेच बंद पडलंय. रात्री दहाला दिवा विझला पाहिजे, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मालदांडी
डबा, डाळ, ज्वारी एवढं सगळं आपण बोललो आणि दुखणं निघालं बुटात. हा धागा मी आमच्या तालुक्यातल्या दोन अकॅडम्यांच्या मुलांना वाचायला देणार आहे.

रानजाई
साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, तडा नाही म्हणाले, पण तीन आठवडे धावणं बंद ठेवलं. शेजाऱ्यांची सायकल मागून आणली. परवा पहिल्यांदा मातीवर दहा मिनिटं पळाला, नवे बूट घालून. दाबल्यावर अजून किंचित दुखतं, पळताना नाही.

आईनं घरचं सोयाबीन निवडून पाच किलो पाठवलं. मेसच्या काकूंना विनंती केली तर त्या आता आमटीतली डाळ खाली बसू देत नाहीत, त्याच्या वाटीत घट्ट वाढतात. सोया वड्या मात्र त्याला आवडत नाहीत, वास येतो म्हणतो. आणि उघडलेला डबा आहे, निम्मा शिल्लक. हिरवा ठिपका आहे. टाकून द्यावा का?

आहारवेडी
टाकू नका, पैसे गेलेत ते गेलेत. त्याची मूत्रपिंडं-यकृत धडधाकट असतील तर रोज एक स्कूप घेऊन संपवू दे, अपाय नाही. नवा आणू नका.

वड्यांचा वास जातो. उकळत्या पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवायच्या, पिळायच्या, गार पाण्यात टाकून पुन्हा पिळायच्या. पिळलेलं पाणी पिवळट येतं, ते स्वच्छ येईपर्यंत. मग दह्यात तिखट-हळद कालवून अर्धा तास मुरू द्या आणि तव्यावर परता.

लाल_माती
वरून थोडा कांदा-लसूण मसाला घालून बघा. माळकरी घरात चालत असेल तरच, नाहीतर धने-जिरे.

रानजाई
धने-जिरेच. आज रात्री त्याला फोनवर सांगून करून घेते.